ढील दे, खेचू नको : बडोद्याच्या एका पतंगबाजाचं आरसी प्लेन

माझं पहिलं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, प्लेन विश्वामित्री नदीत गेलं. म्हणजे अगदी पाण्यात नाही, पाण्याच्या अलीकडे जो चिखल असतो त्यात, काठावरून स्वच्छ दिसत होतं, शेपटी वर आणि एक पंख वाकडा, फार तर पंधरा-वीस पावलं, आणि मी चप्पल काढून खाली उतरणार तेवढ्यात मागून एक पोरगा ओरडला, "अंकल, जता नहि, मगर छे." बाहेरगावच्या लोकांना ही थाप वाटते पण आमच्या नदीत खरंच मगरी आहेत, भर शहरातून वाहणाऱ्या नदीत, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की त्या सोसायटीतसुद्धा येतात. मी चप्पल परत घातली आणि सहा हजारांचं सामान चिखलात सोडून घरी आलो. बायकोनं विचारलं, "काय हो, उडालं का?" म्हटलं, उडालं. खोटं नव्हतंच ते, चार सेकंद उडालं होतं.

आता दोन वर्षं झाली, आता माझं प्लेन बऱ्यापैकी उडतं आणि मुख्य म्हणजे जिथून उडवलं तिथेच साधारण उतरतं, म्हणून ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी लिहितोय. पण आधीच सांगतो, मी काही एक्स्पर्ट नाही, ट्रान्सफॉर्मर कंपनीत नोकरी करणारा माणूस आहे, आणि माझी खरी अडचण ही होती की मी स्वतःला हवेतला जाणकार समजत होतो. का? तर दांडिया बाजारात वाढलो, लहानपणापासून उत्तरायणला सकाळी सहाला अगाशीवर, बोटं कापलेली, चिकटपट्ट्या लावलेल्या. चाळीस वर्षं पतंग उडवणाऱ्याला हे फोमचं खेळणं काय जड जाणार असं मनात होतं. तर तेच जड गेलं.

पतंगात आपण वारा पाठीवर घेऊन उभे राहतो, बरोबर? पतंग समोर, वारा मागून, की तो आपोआप वर जातो. मी प्लेनलाही तसंच केलं. मुद्दाम संध्याकाळी गेलो, मस्त वारा सुटला होता, वाऱ्याकडे पाठ केली आणि जोरात फेकलं. आता हिशोब बघा. समजा प्लेनला तरंगायला ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा वेग लागतो, आणि तो जमिनीच्या हिशोबात नाही, पंखावरून जी हवा वाहते तिच्या हिशोबात. हातानं फेकून तुम्ही देणार वीसेक. वारा मागून पंधराचा असेल तर पंखाला मिळाले फक्त पाच. तेच वाऱ्याकडे तोंड करून फेकलं असतं तर वीस आणि पंधरा, पस्तीस, आणि प्लेन हातातूनच उचललं गेलं असतं. खरी विमानं वाऱ्याकडे तोंड करून चढतात आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात ते उगाच नाही. हे कुठल्याही पोराला माहीत असतं म्हणे, मला नव्हतं.

आणि दुसरी चूक तर हाडात भिनलेली. वारा पडून पतंग खाली बसायला लागला की आपण काय करतो, खेचतो. दोरी ताणली की तो वर चढतो. प्लेनचं नाक खाली गेलं तसं माझ्या हातानं, मला न विचारता, एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीची) स्टिक मागे ओढली, पूर्ण. नाक वर आलं, वेग होता तोही संपला, डावा पंख अचानक खाली गेला, आणि मग चिखल. याला स्टॉल म्हणतात. पंखावरून हवा नीट वाहायची बंद होते आणि पंख उचलायचं सोडून देतो. स्टॉलमध्ये तुम्ही जेवढं ओढाल तेवढं ते बिघडतं. तिथे करायचं उलटं, स्टिक पुढे सोडायची, नाक थोडं खाली जाऊ द्यायचं, थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, वाढवायचा, वेग आला की मग हळूच वर. जमिनीकडे पडत असलेल्या वस्तूचं नाक मुद्दाम अजून खाली करायचं, हे मनाला पटवणं हाच या हॉबीचा अर्धा अभ्यास आहे असं माझं मत.

हे मला समजावलं ऑफिसातल्या मित्राच्या वडिलांनी. काका रिटायर्ड, कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते आणि तेव्हापासून एरोमॉडेलिंगचं वेड. त्यांच्या काळात बाल्सा लाकूड, त्यावर टिश्यू चिकटवून डोप (एक प्रकारचं व्हार्निश) मारायचा, कलकत्त्याची ऑरोरा इंजिनं, आणि रेडिओ परवडायचा नाही म्हणून कंट्रोल लाइन, म्हणजे दोन तारांना बांधलेलं विमान, आपण मधे उभे राहायचं आणि ते आपल्याभोवती गोल गोल, आपणही गोल गोल, शेवटी चक्कर येऊन बसायचं. नंतर रेडिओ आले तर त्यात क्रिस्टल असायचे, दोघांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली की एकाचं विमान पडलंच, म्हणून मैदानावर आधी विचारून घ्यायचं की तुझा नंबर कोणता. आता 2.4 गिगाहर्ट्झमध्ये ती भानगड नाही, प्लेनमधला रिसीव्हर आपल्या हातातल्या ट्रान्समीटरशी बाइंड केला, म्हणजे जोडला, की शेजारी दहा जण उडवत असले तरी चालतं. काकांनी माझी सगळी कहाणी ऐकली, मगरीपाशी हसले, आणि म्हणाले, "तू पतंगवाला ना? मग एवढंच लक्षात ठेव. घाबरलास की ढील दे, खेचू नको." एवढ्या यूट्यूब व्हिडिओंनी जे डोक्यात गेलं नाही ते या एका वाक्यानं गेलं.

बरं, आता सामानाकडे येतो कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात, किती खर्च आणि काय घ्यायचं.

ट्रान्समीटर चांगला घ्या, बाकी सगळं तुटणार आहे, तो टिकणार आहे. माझा फ्लायस्काय आय6, सहा चॅनलचा, सुरुवातीला बहुतेक जण हाच घेतात. मोड 2 मागा, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला. मोटर ए2212, 1000 केव्ही. इथे माझा पोपट झाला, कारण आम्ही ट्रान्सफॉर्मरवाले, केव्ही म्हटलं की किलोव्होल्ट, मी दुकानदाराला फोनवर विचारलं की 1000 किलोव्होल्टची मोटर खेळण्यात कशी काय, तो दोन मिनिटं काही बोललाच नाही. तर ते केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती आरपीएम. 11.1 व्होल्टची बॅटरी लावली की लोड नसताना साधारण 11,100 फेरे. यावरूनच समजून घ्या की टेबलावर सेटिंग करताना प्रोपेलर लावायचा नाही, म्हणजे नाहीच. तो दिसायला प्लॅस्टिकची पट्टी आहे पण फिरताना मिक्सरचं पातं आहे. माझ्या उजव्या अंगठ्याला तीन टाके आहेत, मांज्यानं चाळीस वर्षांत जे केलं नाही ते त्यानं एका सेकंदात केलं. आणि क्रम पाठ करा, चालू करताना आधी ट्रान्समीटर मग प्लेनची बॅटरी, बंद करताना आधी बॅटरी मग ट्रान्समीटर.

मोटरच्या तीन वायरी ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, जोडायच्या, फिरणं उलटं झालं तर कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या, थ्री फेजच्या मोटरला करतो तसंच. इथे मात्र आमची नोकरी कामाला आली. ईएससी 30 अँपिअरचा, प्रोपेलर 1045, म्हणजे 10 इंच व्यास आणि 4.5 इंच पिच (एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर), आणि पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे नऊ ग्रॅमचे छोटे सर्व्हो तीन-चार. सर्व्हो दोन जास्तीचे घ्या, गिअर तुटतात. ट्रान्समीटर धरून माझं सगळं मिळून बारा हजारांच्या आत बसलं होतं, मगरीचे सहा वेगळे.

लायपो बॅटरीबद्दल मात्र मस्करी नाही. 3एस, म्हणजे तीन सेलची, 2200 एमएएच, एका सेलला पूर्ण चार्ज 4.2 व्होल्ट, आणि उडवताना 3.6-3.7 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी शंभर रुपयांचा बझर मिळतो तो लावा, ओरडला की उतरा. घरी ठेवताना पूर्ण भरून ठेवू नका, 3.8 ला ठेवा. मी मे महिन्यात फुल चार्ज करून माळ्यावर ठेवली होती, बडोद्याचा मे, पत्र्याखालचा माळा, जूनमध्ये काढली तर टम्म पुरीसारखी फुगलेली. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, टोचायची नाही, दाबून बघायची नाही. पेटली तर सोफ्यासकट पेटते. चार्जिंगला लावून झोपायला किंवा भाजी आणायला जायचं नाही, मी फरशीवर मातीच्या कुंडीत ठेवून करतो, बायको त्याला बॅटरीचं तुळशीवृंदावन म्हणते.

आता प्लेन. दुसरं प्लेन मी घरी बनवलं आणि ते उडालंच नाही. सगळे म्हणत होते फोम बोर्डचं बनव, मी रावपुऱ्यात स्टेशनरीवाल्याकडे गेलो, त्यानं "ये लो, मजबूत आवशे" म्हणून पांढरी शीट दिली, मीही खूश. ते निघालं सनबोर्ड. सनबोर्ड म्हणजे दुकानांच्या पाट्या करतात ते पीव्हीसी, मजबूत आहेच पण वजनाला दगड. पूर्ण प्लेन दीड किलोच्या वर गेलं. या मोटरची ताकद त्या प्रोपेलरवर जेमतेम आठशे ग्रॅमची, ते बिचारं मैदानभर रिक्षासारखं पळालं आणि कुंपणाला जाऊन थांबलं. तेव्हा, दोन्ही बाजूंना कागद आणि मधे हलका फोम असलेलाच फोम बोर्ड हवा, 5 मिलिमीटर, हातात घेतला की काही धरलंय असं वाटता कामा नये. नाहीतर सरळ ईपीपी किंवा ईपीओ फोमचं तयार ट्रेनर घ्या. ईपीपी तर आपटलं तरी रबरासारखं उसळतं.

ट्रेनर कसा ओळखायचा? पंख धडाच्या वर पाहिजे, आणि दोन्ही टोकं किंचित वर उचललेली पाहिजेत, उथळ व्ही सारखी. प्लेन एका बाजूला कललं की ते आपणहून सरळ व्हायला बघतं, तुम्ही चुकत असता तेव्हा ते तुम्हाला सांभाळून घेतं. आपल्या बडोद्यात टाटा आणि एअरबसचा कारखाना झालाय ना, ऑक्टोबर 2024 मध्ये ज्याचं उद्घाटन झालं, हवाई दलाच्या 56 पैकी 40 सी-295 तिथे बनणार, त्या विमानाचाही पंख वरच आहे. त्याची कारणं वेगळी, पोट जमिनीजवळ राहून सामान चढवायला सोपं पडावं, पंखे जमिनीपासून उंच राहावेत, वगैरे. पण भाच्याला मी छातीठोक सांगितलं की आपलं मॉडेल त्याच घराण्यातलं आहे. तो म्हणाला, "मामा, पण ते उडतं ना." फायटर जेटसारखं दिसणारं काही पहिल्यांदा घेऊ नका. मुलं तेच मागतात, आणि त्यांचे बापही.

पतंगाचं ज्ञान एका ठिकाणी मात्र शंभर टक्के कामाला आलं, आणि ते म्हणजे किन्ना, पतंगाला मांजा जोडायचा तो दोरा. किन्ना बांधताना वरचा आणि खालचा दोरा अर्धा बोट इकडेतिकडे झाला की पतंग एकतर डोकं खाली घालतो नाहीतर गरगर फिरतो. प्लेनचा किन्ना म्हणजे सीजी, तोलाचा बिंदू. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भागावर, पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून प्लेन उचलायचं, नाक किंचित खाली झुकलं की ठीक. शेपटी खाली झुकत असेल तर उडवूच नका, बॅटरी पुढे सरकवा. नाक जड असलेलं प्लेन कंटाळवाणं उडतं, बैलगाडीसारखं, पण उडतं. शेपटी जड असलेलं तुमचं ऐकतच नाही. आणि एक पंख जड असेल तर? पतंग एका बाजूला ओढत असला की दुसऱ्या बाजूला चिंधी बांधतो की नाही, तसंच, हलक्या पंखाच्या टोकाला नाणं चिकटवा. माझ्या प्लेनला अजून एक रुपया चिकटलेला आहे.

उडवण्यापूर्वी फोनवर सिम्युलेटर खेळा, माझं पिकासिम होतं, फुकट मिळालं होतं. मी आधी हसलो होतो, मग रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, महिनाभर खेळलो. त्याचं कारण असं की प्लेन तुमच्यापासून लांब जात असतं तोवर सगळं सोपं, उजवं ते उजवं. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की उजवं डावं होतं आणि मेंदू गोठतो. पतंगात हा प्रकारच नाही, तो कायम तुमच्याकडे तोंड करून असतो, दोरीनं बांधलेला. यावर काकांची युक्ती, प्लेन समोरून येत असेल तेव्हा जो पंख खाली गेलाय त्या बाजूला स्टिक न्यायची, जणू खालून टेकू देताय. विचार करायचा नाही, टेकू द्यायचा. शंभरदा फोनवर पाडलं, तेव्हा हाताला कळलं. फोनवर पडलेलं प्लेन फुकट असतं.

जागेचं बोलतो, हे कोणी सांगत नाही. विश्वामित्रीच्या काठचं ते माझं पराक्रमाचं मैदान शहरात होतं आणि हरणीचं विमानतळ शहराला लागूनच आहे. 2021 च्या ड्रोन नियमांत आपली मॉडेल प्लेनंही येतात हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनच्या वेबसाइटवर नकाशा आहे, लाल, पिवळा, हिरवा. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही, 8 ते 12 मध्ये 200 फुटांपर्यंतच, त्यापलीकडे हिरव्या भागात 400 फूट, आणि प्लेन कायम डोळ्यांना दिसत राहिलं पाहिजे. नकाशा दर वेळी बघा, आणि पोलिसांचा वेगळा आदेश निघालेला असतो कधीकधी तोही. आम्ही आता पाद्रा गावाच्या पुढे जातो, काकांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं पडीक रान आहे. त्यांना पहिल्या दिवशी वाटलं आम्ही कापसावर औषध मारायला आलोय. अजूनही अधूनमधून विचारतात, "आ दवा छांटे के नहि?"

सकाळी साडेसहाला पोचायचं. पतंगवाला ज्या दिवशी "हवा नथी" म्हणून तोंड वाकडं करतो तो आपला दिवस. झाडाचं पान हलत नाही, धूर सरळ वर जातोय, नोव्हेंबरची थंडी, असं काही. नऊनंतर ऊन तापलं की हवा उकळायला लागते आणि नवशिक्याचे हाल होतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत गावाच्या जवळपास नकोच, मांजा दिसत नाही आणि पंखात अडकला की फोम लोण्यासारखा चिरतो. घारी पण येतात, पण त्या नुसत्या बघतात, बरोबरीनं दोन फेऱ्या मारतात आणि आपली कीव करून निघून जातात.

तिसऱ्या प्लेनचं पहिलं उड्डाण असं झालं. मी तपासलं, रेंज बघितली, स्टिक उजवीकडे नेल्यावर उजव्या पंखाची मागची पट्टी (एलेरॉन) वर जातेय का बघितलं, हे दर वेळी बघायचं, कारण दुरुस्तीत एक सर्व्हो उलटा लागला की खेळ खलास. काकांनी वाऱ्याकडे तोंड करून, सरळ, नाक वर न करता फेकलं. थोडं खाली बसलं. माझा हात मागे निघाला. काका मागून ओरडले, "ढील! ढील दे!" आणि मी स्टिक सोडली आणि थ्रॉटल पुढे केला आणि ते चढलं, खरंच चढलं, आपोआप, सात-आठ मजले. उंच ठेव म्हणाले काका, वर असलास तर चूक सुधारायला वेळ मिळतो. मी काही बोललो नाही, तोंड कोरडं पडलं होतं, गुडघे थरथरत होते, वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी. मोठे मोठे गोल वळसे, सहा मिनिटांचा टायमर, आणि मग उतरवताना वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल हळूहळू कमी, आणि पुन्हा तोच मोह, जमीन जवळ आली की ओढायचा. ओढलं नाही. ते शेजारच्या तुरीत जाऊन बसलं, तूर कमरेइतकी, गादीसारखी. शोधायला वीस मिनिटं लागली, म्हणून आता पंखाखाली भडक केशरी टेप लावलाय.

त्यानंतर पाडलं नाही असं नाही, चारदा नाक मोडलं, ग्लू गननं जोडलं, नाक आता मूळ फोमपेक्षा गोंदाचंच जास्त आहे आणि सीजी त्यामुळे आपोआप बरोबर येतो.

फक्त एक झालं. यंदा उत्तरायणला अगाशीवर उभा होतो, समोरच्या वाडीतल्या काळ्या पतंगाशी पेच लागला, त्याचा दोरा माझ्या दोऱ्यावर आला, भाचा मागून फिरकी घेऊन किंचाळतोय, "मामा खेच, खेच ना!" आणि हा हात, चाळीस वर्षांचा, खेचायचं सोडून पुढे गेला आणि ढील देत बसला. समोरून "काप्यो छे" झालं, थाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणला पतंग भाच्यानं घेतला, मला फिरकी धरायला दिली.